काबूलचा भात

नवेगाव बांधच्या चहाटपरीवर किस्से सांगायला म्हणून कुणी येत नाही. माणसं काळजी घेऊन येतात आणि उठेपर्यंत तिचा किस्सा झालेला असतो. अमेरिकेची फौज अफगाणिस्तानातून निघाली, तेव्हाचे हे काही. क्रम चुकला असेल. माझ्या आठवणीवर माझाच भरवसा नाही.

*

आमच्या तुळशीरामचा मुलगा दिलीप काबूलजवळच्या लष्करी तळावर कंत्राटी स्वयंपाकी. फौज जाणार कळताच तुळशीरामने मला गाठलं. "सर, पोट्टा कवा येईल?"

मी राज्यशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. महासत्ता, करार, प्रतिष्ठा असं बरंच बोललो.

टपरीवाला मनोहर म्हणाला, "म्हंजे तुमाले मालूम नाही."

*

टीव्ही रोज वेगळं सांगायचा. तुळशीराम फोनवर दिलीपला एकच विचारायचा, "आज भात कोणत्या गंजात टाकला?" मोठं पातेलं म्हणजे फौज आहे, लहान म्हणजे चालली. मी सगळी वर्तमानपत्रं वाचून शेवटी त्यालाच विचारायचो, "गंज कोणता?"

*

एकदा लहान गंजाचा पुन्हा मोठा झाला. फौज थांबली, पोरगा अडकला, म्हणून आम्ही दोघंही हादरलो. तुळशीरामने परत फोन लावला.

"नाही बाबा," दिलीप म्हणाला, "लहान गंज त्यायनं पॅक करून पाठवला."

*

मग फोनच लागेना. टीव्हीवर विमानतळावरची गर्दी दिसू लागली. तुळशीराम धानाच्या बांधीतून चिखलाच्या पायांनी आला, तसा मनोहरने टीव्ही बंद केला. "केबल गेली."

"काऊन खोटं बोलून राहिला बे? लाव. गर्दीत पोट्टा दिसला तर?"

तिघंही पडद्यावर दिलीपला शोधत बसलो. चहा उतू गेला.

*

दिलीप सुखरूप आला. टपरीवर त्याने खिशातून एक किल्ली काढली. तळावरची शेवटची पंगत उठल्यावर त्याने भांडी घासली, गॅस बंद केला, मेसला कुलूप लावलं. किल्ली द्यायला कुणीच दिसेना, म्हणून घेऊन आला.

सगळे हसले. तुळशीराम नाही.

"दुसऱ्याची किल्ली कायले आणली? तिकडचे लोक उघडतील कसे?"

त्याने ती कागदात गुंडाळून माझ्यापुढे ठेवली. "सर, इंग्रजीत पत्ता लिवा."

मी पेन उघडला. "कोणाच्या नावानं?"

"आता मालक कोण हाय तिथं, त्याच्या. नाव तेवढं तुमी टाका."