सभा समाप्तचं बटण

आनंदा मूळचा ओवे गावचा. पनवेलमधल्या जमीनमालकांच्या एका सहकारी संस्थेच्या सभागृहात तो बावीस वर्षं शिपाई होता. त्याच्या कापडी पिशवीत पाच रिमोट असत. एक प्रोजेक्टरचा, एक पडद्याचा, दोन एसीचे, आणि पाचवा कशाचा ते कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी त्याचे सेल तो इमानाने बदलायचा. कोण बोलायला उठलं की माईक जरा कमीच ठेवायचा, हेही त्याला सांगावं लागत नसे.

अध्यक्ष कल्पेशशेठ सिंगापूरला जाऊन आले आणि त्यांना आपलं सभागृह एकदम मागासलेलं दिसू लागलं. महिनाभरात कपाटात एक काळी पेटी येऊन बसली. ती बसवायला आलेली समीक्षा आनंदाला म्हणाली, "काका, कुणाच्या लॅपटॉपचं चित्र पडद्यावर जाणार, ते ही ठरवते. शिवाय प्रोजेक्टर, पडदा, दिवे, माईक, सगळ्यांना हुकूम हीच सोडते. कुठल्या बटणाने काय काय व्हायचं, ते मी आधीच तिच्यात भरून ठेवते."

'सभा सुरू'चं बटण शेठच्या खुर्चीपाशी लागलं. 'सभा समाप्त'वरून मात्र जुंपली. ते बटण शेठना आपल्यापाशी हवं होतं, उपाध्यक्षांनाही आपल्यापाशीच हवं होतं.

"मुळात सभा संपली हे ओळखायचं कसं?" समीक्षाने विचारलं.

"मी बोलायचा थांबलो की," शेठ म्हणाले. सचिव किशोरीताईंना ठसका लागला.

"चहा आला का सभा उठते, बाय," आनंदा म्हणाला. "बावीस वर्सं आमी तेच बघतो."

कुणाचंच मन दुखवायचं नव्हतं, म्हणून बटण चहाच्या खोलीच्या दाराशी लागलं.

चाचणी झकास झाली. शेठनी एक बटण दाबलं, पडदा उतरला, दिवे मंदावले, प्रोजेक्टर लागला. "मग आता आनंदाचं काम काय?" ते म्हणाले. शिपायाला काढायला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागे, म्हणून विषयपत्रिकेत नववा आणि शेवटचा विषय पडला: श्री. आनंदा यांना सेवामुक्त करणे. निवृत्तीला तीन वर्षं होती. ते वाचून आनंदाला राग आला, पण तो दाखवायची सवय नव्हती.

सभेत शेठ आठव्या विषयावर पाऊण तास बोलले. सभासद जांभया देत होते. आनंदा किटली घेऊन दाराशी उभा होता.

"आता विषय नववा," शेठ म्हणाले. "आनंदाने संस्थेची फार सेवा केली. म्हणूनच..."

आनंदाने बटण दाबलं.

माईक बंद झाला, लख्ख दिवे लागले, विषयपत्रिकेसकट पडदा वर गेला, प्रोजेक्टर विझला. एवढं झाल्यावर बसून कोण राहतं? दीडशे सभासद सवयीने उठले आणि चहाकडे निघाले. शेठचे ओठ तेवढे हलत होते. त्यांनी 'सभा सुरू' चार वेळा दाबलं. पण प्रोजेक्टर थंड होईपर्यंत पाच मिनिटं कुणाचाच हुकूम घ्यायचा नाही, असं समीक्षाने पेटीला बजावून ठेवलं होतं. पाच मिनिटांत निम्मे सभासद वडा खाऊन गाडीत बसले.

किशोरीताईंनी इतिवृत्तात लिहिलं: 'विषय क्र. ९ पुढील वार्षिक सभेत घेण्यात येईल.'

आनंदाने पहिला कप शेठच्या हातात दिला.

"साखर बरोबर हाय ना, शेठ?"