दामू मेस्त्रीची खंडेनवमी

दामू मेस्त्री डिझेलचा माणूस. खांब गावाबाहेर, हायवेला लागून त्याची पत्र्याची शेड आहे. तिथे ट्रक थांबला की तो लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला लावतो, दुसरं कानाला, आणि डोळे मिटतो. घरची भातशेती थोरल्या भावाने सांभाळली. दामू सोळाव्या वर्षी नागोठण्याच्या एका गॅरेजात शिरला. आता पंचावन्न झाली. "लग्नातपण ह्यांची नखं काळीच होती," असं त्याची बायको मैना येईल त्याला सांगते.

सीएनजीच्या गाड्या दिसायला लागल्या तेव्हा त्याने नाक मुरडलं होतं. "डिझेल आपलं आपण पेटतं. ह्याला ठिणगी लावायला लागते. काडेपेटीचं इंजिन हे." पण गिऱ्हाईकच काडेपेट्या घेऊन येऊ लागलं, तसा तो स्पार्क प्लग आणि प्रत्येक प्लगच्या डोक्यावर बसून ठिणगीला वीज पुरवणारी कॉइल खोलायला शिकला. शिकताना दोनदा झटका खाल्ला. तो मैनाला सांगितला नाही.

त्याचा एक रिवाज होता. खंडेनवमीला नेहमीच्या गाड्या तो स्वतः धुवायचा, पंपाच्या जोरदार फवाऱ्याने, केबिन कलती करून, इंजिनासकट. पैसे घ्यायचा नाही. मग मैना हळद-कुंकू वाहायची, झेंडू लावायची. तीस वर्षं असंच. यंदा त्या रांगेत पेणच्या पोह्याच्या गिरणीचे तीन सीएनजी ट्रक होते.

चौथ्या दिवशी दुपारी त्यातला एक उचक्या देत शेडसमोर आला. रितेश उतरला. कोलाडजवळच्या आदिवासी वाडीतला हा पोरगा, वाडीतला पहिला ट्रक ड्रायव्हर. मागे रोह्याला जायची पोह्याची पोती.

"मेस्त्री, चढाला दमच नाय धरत. दोन दिस झाले. मॅडम बोलतात, तू गाडी नीट चालवत नायस. आज सुधारली नाय तर चावी दुसऱ्याला."

"गाडी काय बोलते ते बघू आधी. मॅडमचं मागनं."

इंजिन चालू ठेवून दामूने एकेका कॉइलचा प्लास्टिकचा सॉकेट काढून पुन्हा लावला. पहिला काढला, इंजिन थरथरलं. दुसरा, थरथरलं. तिसरा काढला तर काहीच फरक नाही.

"हा मेलाय," दामू म्हणाला. डिझेलला नोझलच्या पाइपाचा नट सैल करून तो हेच करायचा. सुटल्यावर इंजिनाला ज्याची उणीव जाणवत नाही, तो सिलिंडर काम करत नसतो. "आता थंड होऊ दे. गरम इंजिनात प्लग फिरवला तर आटे जातात."

रितेश फोनवर बोलत रस्त्याकडे गेला. मैना चहा घेऊन आली. तासाभराने दामूने बोल्ट काढून तिसरी कॉइल वर ओढली. तिची रबरी नळी चोखल्यासारखा आवाज करत सुटली, आणि टोकावरून पाणी ठिबकलं. त्याने बॅटरी मारली. प्लगच्या खोल खड्ड्यात पाणी साचलं होतं. पाण्यात झेंडूची एक पाकळी.

"पावसाचं असंल," तो म्हणाला.

मैनाने वाकून पाहिलं. "अवो, पावसात झेंडू पडतो काय?"

दामू कापडाने हात पुसत राहिला.

"तीस वर्षांत एक गाडी माझ्या हातनं बिघडली नाय गो."

"मंग ही पहिली."

"कॉइली अशापण जातात. कुणी विचारणार नाय."

"नाय विचारणार," मैना म्हणाली. "त्या पोराची चावी तेवढी जाईल." आणि कप उचलून आत गेली.

रस्त्याच्या कडेला रितेश फोन कानाला लावून मान हलवत होता. व्हय मॅडम, नाय मॅडम. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "गाडी रिकामी करून चावी जमा कर बोलल्या."

"लाव फोन परत. मला दे."

गिरणीच्या मालकीणबाई मनाली. वडिलांमागे सगळा कारभार तीच बघते. "दामूकाका, तुम्ही त्याची बाजू घेऊ नका," ती म्हणाली.

"बाजू नाय घेत. इंजिनात पाणी हाय, आणि ते माझं हाय. नवमीला मी मारलं. डिझेलला चालायचं ते. हिला नाय चालत, हे मला कळायला हवं होतं."

पलीकडे गिरणीची घरघर ऐकू येत राहिली.

"म्हणजे फुकट धुतलीत आणि..."

"फुकटच बिघडवली, व्हय."

"बाकीच्या दोन?"

"त्याच पाण्यानं धुतल्यात. त्या चालू नका करू. मी येतो."

"आमचा मेकॅनिक आहे इथे."

"असू दे. तरी मी येतो. खोलायला मीच पायजे."

रोह्याच्या स्पेअर पार्टवाल्या सुशीलने तीन कॉइली आणि डझनभर प्लग मोटारसायकलवरून आणून दिले. दामूने आधी हवेच्या नळीने चारही खड्डे सुकवले, नाहीतर प्लग काढताच पाणी सिलिंडरमध्ये उतरलं असतं. नवे प्लग बोटांनीच आट्यात बसवले आणि पान्याने शेवटचा जरासाच पीळ दिला. डिझेलवर घडलेल्या हाताला एवढं थांबणं जड जातं. तिसरी कॉइल नवी, बाकीच्या पुसून, सुकवून परत. चावी फिरवली. उचकी नाही.

रितेश म्हणाला, "मेस्त्री, उगाच सांगितलंत. मी दुसरीकडं लागलो असतो."

"कुठं?"

रितेश केबिनमध्ये चढला. तो रोह्याकडे निघाला, दामू मोटारसायकलवरून पेणकडे.

गिरणीच्या आवारात सगळे ड्रायव्हर जमले होते. पेणचा मेकॅनिक हाताची घडी घालून उभा. पहिला ट्रक कोरडा निघाला. दुसऱ्याच्या दोन खड्ड्यांत पाणी.

"मेस्त्री, यंदा विसर्जनपण तुमीच केलंत," एकजण म्हणाला. बाकीचे हसले.

"व्हय," दामू म्हणाला आणि प्लग खोलत राहिला. सगळ्यांसमोर, एकेक. हसणं हळूहळू थांबलं. पेणच्या मेकॅनिकने न सांगताच बॅटरी धरली.

दोन्ही ट्रक सुरळीत चालू झाल्यावर मनाली जवळ आली. "काका, पुढच्या नवमीला गाड्या आम्ही इथेच धुऊ."

दामूने हत्यारं पिशवीत भरली. भरायला नेहमीपेक्षा वेळ लागला. "बरं," तो म्हणाला. "पोराचं काय?"

"उद्या सहाला येऊ दे. रोह्याची खेप त्याचीच."

फाटकाबाहेर येऊन त्याने रितेशला फोन लावला.

"सकाळी सहाला हजर राहा. चावी तुझीच."

रितेश म्हणाला, "आणि तुमाला काय बोलल्या?"

"मला काय," दामू मोटारसायकलला किक मारत म्हणाला. "पुढच्या नवमीचं माझं पाणी वाचलं."