पांढऱ्या विमानावरचा मळ

मुलगी विमान उडवायला शिकण्यासाठी अमरावतीला गेली आणि इकडे अकोल्यात मी तिच्या विमानाची छोटी प्रतिकृती रंगवायला घेतली. मी शाळेत चित्रकला शिकवते; प्लॅस्टिकची विमानं जोडायचा नाद जुना. कपाटात जुनी लढाऊ विमानं आहेत. त्यांच्यावर धूर, गंज, उडालेला रंग, सगळं हौसेनं चढवलेलं. मळलं की विमान खरं वाटतं. त्यात कोण बसलं असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

हे मात्र पांढरं, एका इंजिनाचं. शनिवारी मुलगी फोनवर म्हणाली, "आई, उद्या बहुतेक एकटीनं उडायचंय. बाजूला सर नसतील."

रविवारी सकाळपासून हात स्वस्थ बसेनात. काळपट तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पंखांवरच्या बारीक रेघांत सोडला. वरचा रंग कापसानं पुसला की रेघेत मळ उरतो. मग इंजिनाच्या नळीमागे धुराचा पट्टा ओढला. तो इतका झाला, की विमान जळाल्यासारखं दिसायला लागलं. पुसला. पुन्हा ओढला. स्पंजाच्या तुकड्यानं पंखाच्या कडेला रंग उडाल्याचे ठिपके दिले, तर त्या भेगाच वाटल्या. फोन पाहिला. बाहेर लिंबाच्या फांद्या हलत होत्या.

नवरा शेतातून आला. "कावून घासून राहिली इतकं? रंगच निघून जाईन त्याचा."

"डाग जास्त झाले."

"तिले फोन कर ना मंग."

"उडत असली तर?"

तो जेवायला बसला, पण अर्धी भाकर तशीच ठेवून उठला आणि अंगणात वर पाहत उभा राहिला. अमरावतीचं आकाश अकोल्यातून काय दिसणार.

दुपारी तिचा फोन आला. "वारा आडवा होता. आज नाही झालं."

सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच कळलं, हे सगळं पुन्हा होणार.

ती उडाली ती भलत्याच दिवशी, मी वर्गात मुलांना कुंडी काढायला शिकवत असताना. मला मधल्या सुट्टीत कळलं.

नंतर ती घरी आली, तेव्हा टेबलावरचं विमान तिनं उचललं. "हे आमचं? आई, आम्ही त्याला रोज पुसतो गं. फार तर पुढच्या कडेला चिलटं चिकटतात." माझ्या घासण्यानं एका पंखाचा पांढरा रंगच गेला होता. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"एकटीला काय वाटलं?" मी विचारलं.

"विमान हलकं झालं. सर नाहीत ना बाजूला. वाटलं त्यापेक्षा लवकर वर गेलं." मग हळूच म्हणाली, "तेव्हा भ्यायले. बाबांना नको सांगू."

नवरा दारातच होता. "संत्री घेऊन येतो," म्हणत पिशवी घेऊन बाहेर पडला.

जेवताना तिनं सांगितलं, आता पुढे रात्रीचं उडायचंय.