पंचशील छापलेली बॅग

“शाळा फुकट हाय जी, पण पोट्टी फुकट नाही,” शेवंताबाई एकदा विहाराच्या बैठकीत म्हणाल्या होत्या. सगळे हसले होते.

भंडाऱ्याहून लग्न होऊन त्या रायपूरला आल्या, तेव्हा चौथी शिकलेल्या होत्या. नवरा हिरालाल रेल्वेच्या वॅगन कारखान्यात. ते वारल्यावर शहरालगतच्या बीरगांवच्या घराची मागची खोली त्यांनी खेड्यातून शिकायला येणाऱ्या मुलींना दिली, भाडं न घेता. मुली यायच्या, दहावीपर्यंत कशाबशा टिकायच्या आणि जायच्या. गावाकडे मोहाची फुलं पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, आणि नेमकी तेव्हाच बोर्डाची परीक्षा. पोरगी शाळेत बसली की घरचे दोन हात कमी. त्या हातांची कमाई कोण भरून देणार, असं शेवंताबाई दरवर्षी विहाराच्या समितीला विचारत. दरवर्षी समिती एक बॅग देई.

यंदा महासमुंदकडची सोनिया होती. पेपर आणि मधल्या सुट्ट्यांत गावी जाऊन मोहा, दोन्ही ओढून ती दहावी पास झाली. बाप म्हणाला, समितीकडून वर्षाची मदत ठरली तर अकरावीला ठेवतो, नाहीतर आजच घेऊन जातो. म्हणून शेवंताबाई रविवारी दोघांना विहारात घेऊन आल्या.

सोनियाच्या खांद्यावर समितीचीच जुनी बॅग होती, पंचशील छापलेली. समितीचे अध्यक्ष धर्मपाल जवळ आले, बॅगेतून मोहाचा वास आला आणि त्यांनी नाक आक्रसलं.

“दारू वर्ज्य असं शील छापलंय, त्या बॅगेत मोहा? अहो, दारू बनते त्याची!”

“तांदळाचीबी बनते, भाऊ. मंग भात सोडला का तुम्ही?”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. धर्मपालांचा चेहरा ताठ झाला. “आणि मदत गुणवत्तेला आहे. साठ टक्के पाहिजेत. हिला सत्तेचाळीस.”

“ते सत्तेचाळीस कसे आले ते पाहा ना! साठवाल्याच्या घरी पगार येऊन राहिला. त्याले काहून मदत?”

“जरा दमानं, शेवंताबाई. यादीत पहिलं नाव तुमच्याच यशदीपचं आहे.”

शेवंताबाईंनी मागे वळून यशदीपकडे पाहिलं. परीक्षेच्या दिवसांत ह्या नातवाला त्यांनी पाण्याचा ग्लाससुद्धा स्वतःच्या हातानं घेऊ दिला नव्हता. त्याच दिवसांत सोनिया पहाटे मोहाच्या झाडाखाली वाकलेली होती. एका घरातल्या दोन खोल्या, आणि मधली भिंत त्यांना आज दिसली.

यादी वाचली गेली, टाळ्या वाजल्या. यशदीप नवी कोरी बॅग पाठीला लावून उभा राहिला.

“आजी, फोटो है, आओ ना जल्दी!”

दाराशी सोनियाच्या बापानं आत पाहिलं. त्याला कोणी काही सांगितलं नाही, सांगायची गरजही पडली नाही. त्यानं सकाळीच भरून आणलेली पोरीची पेटी उचलून डोक्यावर घेतली.

“जात हंव, दाई,” सोनिया म्हणाली. शेवंताबाईंना ती दाई, म्हणजे आईच म्हणायची.

“आजी!” यशदीपनं पुन्हा हाक मारली. फोटोवाल्यानं खुर्ची सरकवली. धर्मपाल हसून म्हणाले, “या, या, तुमचाच मान आहे.”

शेवंताबाईंनी खुर्चीकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं. मग पदर खोचला, चपला पायांत सरकवल्या आणि सोनियाच्या मागोमाग बाहेर पडल्या.