जावेचं मत

"अगं बया, हिनं तर नाव धडाधडा घेतलं की!"

बायकांच्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं आणि दोघी-तिघी पदराआड हसल्या. मी सकाळपासून शाळेच्या दाराशी बंदोबस्तावर उभी होते. आत मतदान अधिकाऱ्यानं एका बाईला नवऱ्याचं नाव विचारलं होतं, आणि तिनं ते आडनावासकट खणखणीत सांगितलं होतं. तिच्या बोटाला शाई लागली, तिनं शिक्का मारला, मतपत्रिका पेटीत टाकली आणि ती निघून गेली. नोकरीतले कितीतरी पंचनामे आता आठवत नाहीत, पण रांगेतलं ते वाक्य मी विसरू शकलेले नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नवीन फौजदार होते, नेमणूक सोलापूर शहरात. जिल्ह्यात महिला पोलीस मोजक्याच, त्यामुळे निवडणुकीला मला दक्षिण भागातल्या एका खेड्यात पाठवलं होतं. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. गावाकडची बोली समजायची, पण बोलताना जीभ अडखळायची, म्हणून मी बहुतेक वेळ गप्पच असे. त्याचा एक फायदा होता. मी शेजारी असताना लोक मोकळेपणानं बोलत.

आम्हा बंदोबस्तावरच्या पोलिसांचं स्वतःचं मतदान आधीच झालं होतं. मुख्यालयात टपाली मतपत्रिका मिळाल्या, अधिकाऱ्यासमोर सही केली, पाकीट बंद करून दिलं, संपलं. त्याचा मी फारसा विचारही केला नव्हता.

दुपारी एक तरुण बाई घाईघाईनं केंद्रावर आली. साडीला उसाच्या पाचटाची धूळ, हातावर ओरखडे. ती नवऱ्याबरोबर श्रीपूरकडे ऊसतोडीला गेली होती. रात्रभर कारखान्याच्या ट्रकमध्ये बसून ती सोलापूरला सात रस्ता चौकात उतरली आणि तिथून एस.टी.नं गावात पोचली होती. अधिकाऱ्यानं नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा तिनं मान खाली घातली आणि मागच्या म्हातारीला कोपरानं ढोसलं. म्हातारीनं नाव सांगितलं. अधिकाऱ्यानं यादी पाहिली आणि म्हणाला, "बाई, तुमचं मत झालंय."

"झालंय? कुनी दिलं? मी तर आत्ता गाडीतनं उतरतीय!"

"यादीत खूण आहे."

"खूण माझ्या बोटाला न्हाय, तुमच्या यादीला हाय व्हय!" तिनं दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. "पयल्यांदा नाव आलंय माझं. रातभर बसून आले मी ह्याच्यासाटनं."

एका पक्षाचा प्रतिनिधी "तोतया मतदान, तोतया मतदान" म्हणून ओरडू लागला. केंद्राध्यक्षांनी तिला नियमाप्रमाणं वेगळी मतपत्रिका दिली. ती पेटीत न जाता पाकिटात जाते, हे तिला सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हंजी आमचं निराळंच ठेवायचं." केंद्राध्यक्षांनी लेखी फिर्याद माझ्या हातात दिली.

तिच्या नवऱ्याचं नाव मी म्हातारीच्या तोंडून नुकतंच ऐकलं होतं. सकाळी खणखणीत घेतलं गेलेलं नाव तेच होतं. माझ्या आईनं वडिलांचं नाव घेतलेलं मी जन्मात ऐकलेलं नाही. बोलताना 'हे' आणि लोकांसमोर 'आमच्याकडचे'. नवऱ्याचं नाव बाजारभावासारखं सांगणारी बाई त्याची बायको नसणार, हे रांगेतल्या बायकांना तेव्हाच कळलं होतं. त्यांनी मला काही सांगितलं नसतं आणि मीही विचारलं नाही. ती गावात नाही हे पक्कं माहीत असणारं माणूस घरातलंच असणार. घरातल्याच माणसाचं नाव असं सहज कोण घेईल? आई, बहीण, नाहीतर वयानं मोठी वहिनी. धाकट्या दिराचं नाव घ्यायला वहिनीला लाज वाटत नाही.

मी तोडीवरून आलेल्या त्या बाईला घेऊन तिच्या घरी गेले. अंगणात तिची मधली जाऊ मूल मांडीवर घेऊन बसली होती. मला पाहून तिनं डावा हात पदरात घेतला.

"जाऊबाई, तुमी?" धाकटीचा आवाज चिरकला.

"तू येनार न्हाईस असं सांगितलं की गं मला. तुजं मत वाया जाऊ नये म्हनून दिलं."

"कुनाला दिलं?"

"जितं सांगितलं तितं."

धाकटी रागानं लाल झाली. तिला दुसरीकडे द्यायचं होतं. मग तिची नजर माझ्या टोपीवर गेली आणि राग जागच्या जागी विरला. "पोलीसबाई, घरातलंच हाय. माझी तक्रार न्हाय काई." पण फिर्याद तिची नव्हती, केंद्राध्यक्षांची होती. मधलीनं मूल धाकटीकडे दिलं आणि ती माझ्यामागून जीपमध्ये बसली.

ठाण्यात स्टेशन डायरीला नोंद झाली. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर ठेवून घ्यायचं नाही, म्हणून निरीक्षकसाहेबांना घाई होती. ते माझ्याशी इंग्रजीत बोलत आणि तिच्याशी ओरडून.

"किती मतं दिलीस?"

"योकच. जावेचं."

"आणि स्वतःचं?"

"माझं नाव यादीत न्हाय, सायेब. म्हनून तर मला धाडलं."

"कोणी धाडलं?"

साहेबांनी तीन वेळा विचारलं, टेबलावर हात आपटला, तुरुंगाची भीती घातली. बाकी सगळं ती सांगत होती, पण या प्रश्नाला पदर तोंडाशी धरून भिंतीकडे बघायची. साहेब मला इंग्रजीत म्हणाले, पक्की आहे, शिकवून पाठवलेली. नाव देत नाही तर एकटीवर कागद करा. गुन्ह्याला एक वर्षापर्यंत शिक्षा होती. तिकडे तिचं मूल अंगावर पिणारं.

साहेब फोनवर गेले तेव्हा मी तिला चहा दिला. तिनं बशी हातात धरली आणि मलाच विचारलं, "बाई, तुमी तर सकाळपासनं हितंच हाय. तुमचं मत कुनी दिलं?"

"टपालानं गेलं."

"म्हंजी दुसऱ्याच्या हातानं."

"तसं नाही. सरकारी नोकरीत असतो आम्ही, जाता येत नाही, म्हणून."

"ती बी तोडीवर हाय. तिला तरी कुटं येता येतंय?" ती अगदी साधेपणानं म्हणाली. "आमास्नी तसंच सांगितलं. पोलिसांचं जातंय तसं आता तोडीवरच्यांचं बी जातंय, घरच्यानं न्यायचं."

ऊस तोडायला गेलेल्या माणसाला टपालानं मत का देता येत नाही, याचं चांगलं उत्तर मला आजही माहीत नाही. पण तिच्या शेवटच्या वाक्यात तपासाचा धागा होता.

"हे मालकांनी सांगितलं?"

"न्हाय वो. ते गिरणीत, सोलापुरात."

"सासऱ्यांनी?"

"वारलं ते."

"मग घरात मोठं कोण?"

तिनं बशी खाली ठेवली, पदर कपाळावर ओढला आणि पाठ वळवली. दारात तर कुणीच नव्हतं. केवळ विषय निघाला म्हणून तिनं पदर ओढला होता. तेव्हा मला कळलं की ती नाव लपवत नव्हती. ती मधली जाऊ, म्हणजे वर थोरले दीर होते. त्यांचं नाव तिच्यासारखी बाई घेतच नाही, नात्यानंही उल्लेख टाळते, आणि कायदा मागत होता तेच नाव.

थोरले दीर ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम होते, हे केंद्रावरच्या बोलण्यात माझ्या कानावर आलं होतं. कोणत्या घरातली कोण बाई तोडीवर आहे हे त्यांच्याइतकं गावात कुणाला माहीत नव्हतं, कारण या बायकांना त्यांनीच पाठवलं होतं. मतदानासाठी कुणालाही सुट्टी द्यायची नाही, हेही त्यांनीच ठरवलं होतं. धाकटी न विचारताच निघून आली होती.

पुढचा तपास सोपा होता. तोडीवरच्या आणखी काही घरांतल्या बायका पुढे आल्या. कोर्टात मॅजिस्ट्रेटसाहेबांनी त्यांना नाव न विचारता माणूस दाखवायला सांगितला. साऱ्यांचं बोट एकाच दिशेला गेलं. मुकादमांना शिक्षा झाली. धाकटीचं पाकिटातलं मत मात्र मोजलं गेलं नाही.

या खटल्यानं मला जे शिकवलं ते नोकरीभर उपयोगी पडलं. गप्प माणूस दिसला की आपण त्याला अपराधी समजतो, नाहीतर हट्टी. मी स्वतः गप्प राहणारी असूनही तसंच समजत आले होते. त्या दिवसानंतर कुणी एखाद्या प्रश्नावर थांबलं की मी आधी स्वतःला विचारू लागले, हा प्रश्न या माणसाला तोंडानं उत्तर देता येण्यासारखा आहे का?

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी उजेड कमी होत होता आणि मुकादम स्वतः ठाण्यात आले. पांढरं धोतर, डोक्याला फेटा. साहेबांनी त्यांना समोरची खुर्ची दिली आणि चहा मागवला. ते आत येताच मधली कपाटाच्या आडोशाला सरकली आणि पाठ करून उभी राहिली.

"सायेब, आमच्या घराची अब्रू घालवली हिनं," मुकादम म्हणाले. "अडाणी बाई. कुनाच्या नादी लागली कुनास ठाऊक. कायद्यानं जे व्हायचं ते होऊ द्या."

"जामीन कोण राहणार?"

मुकादमांनी चहाचा घोट घेतला. "बगू की. तिचा नवरा येऊ दे."

कपाटाशी तिचे खांदे हलले. साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. "लिहा. आरोपी एक. पाठवणाऱ्याचं नाव सांगण्यास नकार." त्या ठाण्यात साहेबांसमोर तोवर माझ्या तोंडून 'येस सर' याच्यापलीकडे फारसं काही गेलं नव्हतं. मी लेखणी खाली ठेवली आणि उभी राहिले. इंग्रजीत बोलणं मला सोपं गेलं असतं. पण ते तिला कळलं नसतं, म्हणून मी मराठीत बोलले.

"साहेब, आरोपी खुर्चीत बसलाय. उभी आहे ती साक्षीदार."