सासऱ्यांच्या खिशातला पंप

मला लहानपणापासून दमा आहे, हे सासरी कुणालाच माहीत नव्हतं. माहेरी, मुलुंडला, आमच्या घरात त्याला दमा म्हणतही नसत. ‘हिला जरा सर्दीचा त्रास आहे’ एवढंच. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, "चार-पाच वर्षांत काही झालेलं नाही ना? मग उगाच कशाला विषय काढायचा?" मलाही ते पटलं. कॉलेज संपल्यापासून खरंच काही झालं नव्हतं.

सासर घाटकोपरला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. घरात आम्ही चौघं: मी, नवरा, सासूबाई आणि सासरे. सासरे मूळचे मालवणकडचे. पोरवयात मुंबईला आले आणि गिरणी बंद पडेपर्यंत कापूस पिंजायच्या खात्यात राहिले. तिथल्या हवेत इतका कापूस उडायचा की घरी आल्यावर भुवयासुद्धा पांढऱ्या दिसायच्या, असं सासूबाई सांगत. त्या कापसाने आणि वर विड्यांनी त्यांची छाती कायमची बिघडली होती. विड्या सुटल्या, छाती काही सुधारली नाही. दोन मजले चढले की ते जिन्यात थांबत, शर्टाच्या खिशातून निळा पंप काढत, तोंडात दोनदा फसफस करत आणि मग वर येत.

लग्नाला तीन वर्षं झाली आणि शेजारची इमारत पाडायला घेतली. महिनोन्‌महिने खिडकीच्या गजांवर धुळीचा थर. मला पहाटे खोकला सुरू झाला. मग शाळेचे जिने जड वाटायला लागले. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. फळ्यावर उदाहरण लिहिता लिहिता वाक्य मध्येच तुटायचं आणि मी मुलांना ‘पुढचं तुम्ही सांगा’ म्हणून वेळ मारून न्यायची.

एके दिवशी सकाळी छाती इतकी आवळली की मला डबाही भरता येईना. सासऱ्यांचा शर्ट पॅसेजमध्ये खुंटीला होता. मी खिशातून पंप काढला, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि त्यांना घेताना बघितलं होतं तसा दोनदा तोंडात मारला. थोड्या वेळाने श्वास मोकळा झाला. पंप जागच्या जागी ठेवला आणि शाळेत गेले.

पुढचे दोन-अडीच महिने हेच चाललं. आधी दिवसाआड, मग रोज, मग दिवसातून सहा-सात वेळा. ते खाली गप्पा मारायला उतरले की पंप घरीच विसरतील का, याची मी वाट बघायला लागले होते. नंतर स्वतःसाठी एक आणावा म्हणून केमिस्टकडे गेले. त्याने चिठ्ठी मागितली, तशी मी परत फिरले. एव्हाना माझे हात सारखे कापायला लागले होते. वहीवर सही करताना अक्षर थरथरायचं, छाती धडधडायची. मला वाटलं, टेन्शन असेल. चोरी करणाऱ्याला टेन्शन असणारच.

एका दुपारी सासूबाई देवळात भजनाला गेल्या होत्या. मी शाळेतून आले आणि चहा टाकला. सासरे पंप हातात घेऊन बसले होते.

"गो बाय," ते म्हणाले, "उद्या माका डॉक्टरकडे घेवन चल. तुझ्या घोवाक सुट्टी नाय."

"काय होतंय बाबा?"

"काय नाय. पंप संपलो."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. रिक्षाने पालिकेच्या हॉस्पिटलला गेलो, छातीच्या विभागापुढच्या बाकावर दोन तास बसलो. नंबर आला तेव्हा आत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सासऱ्यांची जुनी फाईल उघडली आणि विचारलं, "बोला काका, काय त्रास?"

सासरे खुर्चीवरून उठले. मला खांद्याला धरून त्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "माझा मगे. आधी हिचा बघा."

मी म्हटलं, "बाबा, मला काही नाही."

"पंपाच्या पाठीर किती उरला तेचो आकडो असता," ते शांतपणे म्हणाले. "रात्री निजताना मिया बघतंय, सकाळी उठान बघतंय. गिरणीतलो कापूस मिया खाल्लंय, आणि दम तुका कसो लागलो?"

मी रडले. डॉक्टरांनी मला रडू दिलं, मग पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, "दिवसातून किती वेळा घेता?"

"दोनदा," मी म्हटलं. त्यांनी ते लिहिलं नाही, माझ्याकडेच बघितलं. "सहा-सात वेळा होतं कधी कधी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझे हात समोर धरायला सांगितले. बोटं कापत होती. छाती तपासली, नाडी बघितली, एका यंत्रात जोर लावून फुंकायला लावलं. मग खुर्ची जवळ ओढून त्या म्हणाल्या, "हे बघा, हा पंप वाईट नाही. वेळेला जीव वाचवतो. तो श्वासाच्या नळ्या काही तासांपुरत्या मोकळ्या करतो. पण आतली सूज तशीच राहते, आणि ती वाढत चाललीय. इतक्या वेळा पंप लागतोय याचा अर्थ दमा तुमच्या ताब्यात नाही. हात कापणं, धडधडणं, हे जास्त औषधाने. आणि यांचा आजार वेगळा, तुमचा वेगळा. श्वास दोघांचाही अडतो म्हणून एकाचं औषध दुसऱ्याने घ्यायचं नसतं."

त्यांनी मला दुसरा पंप लिहून दिला. तो सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, बरं वाटत असलं तरी घ्यायचा, आणि नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. निळा पंप फक्त श्वास अडकला तर. तो जास्त वेळा लागायला लागला तर वाढवत बसायचं नाही, तपासायला यायचं. पूर्वी बीपीच्या किंवा डोळ्यांच्या औषधांनी दम वाढला होता का, दुखण्यावरच्या गोळ्या चालतात का, हेही त्यांनी विचारून घेतलं. असा प्रश्न मला तोवर कुणी केला नव्हता.

मग त्यांनी सासऱ्यांना तपासलं, त्यांनाही रोजचा पंप लिहून दिला आणि आम्हा दोघांना शेवटच्या खोलीत पाठवलं. तिथे वयाने मोठ्या एक सिस्टर होत्या, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांनी रिकामा पंप सासऱ्यांच्या हातात दिला.

"घेऊन दाखवा."

सासऱ्यांनी बारा वर्षांच्या सवयीने तोंड उघडलं, फस्स केलं आणि तोंड मिटलं. ओठांतून पांढरी वाफ बाहेर आली.

"काका, ही वाफ दिसली? तेवढं औषध हवेत गेलं. छातीत काय पोचलं असेल?"

बारा वर्षं त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. मी घेऊन दाखवलं तर माझं त्यांच्याहून वाईट. सगळं औषध जिभेवर.

सिस्टरांनी आमच्यापुढे प्लास्टिकचं नळकांडं ठेवलं. त्याला स्पेसर म्हणतात. एका टोकाला पंप बसतो, दुसरं टोक तोंडात. मग त्यांनी अगदी सावकाश करून दाखवलं. टोपण काढायचं, आत काही अडकलेलं नाही ना बघायचं. पंप चांगला हलवायचा. ताठ बसून श्वास पूर्ण सोडायचा. ओठ घट्ट मिटायचे, एकदाच दाबायचं, आणि हळूहळू खोल श्वास आत ओढायचा. मनात दहा म्हणेपर्यंत धरून ठेवायचा. दुसऱ्यांदा घ्यायचा तर थोडं थांबून, पुन्हा हलवून. दोनदा एकदम दाबायचं नाही.

सासऱ्यांना पहिल्या चार वेळा खोकला आला. पाचव्यांदा जमलं. त्यांनी श्वास धरला, सोडला आणि माझ्याकडे बघितलं. सिस्टर म्हणाल्या, "आता घरी एकमेकांचं बघत जा. चुकलं की टोका."

परतताना रिक्षात मी त्यांना विचारलं, "तुम्हाला कधीपासून कळलं होतं?"

"पयल्याच आठवड्यात."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशीत म्हणान थांबलंय. मगे तुझे हात कापताना बघितले." रिक्षा सिग्नलला उभी होती. ती सुटली तसे ते म्हणाले, "कित्याक सांगूक नाय? आमी काय तुका परत धाडतलंव?"

संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो नाराज झाला, पण दमा लपवला म्हणून नाही. "अगं, अडीच महिने तू बाथरूममध्ये नळ सोडून श्वास घेत होतीस, आणि मी बाहेर पाण्यावरून ओरडत होतो," एवढंच म्हणाला. सासूबाईंनी मान हलवली, "मुलांना होतो का गं हा?" असं विचारलं. मी म्हटलं, होऊ शकतो, पण औषध नीट घेतलं तर आयुष्य अडत नाही. दुसऱ्या दिवसापासून देवापुढच्या उदबत्तीचा धूर बंद झाला. त्या नुसता दिवा लावायला लागल्या. कारण कधी बोलून दाखवलं नाही.

सकाळी साडेसहाला आम्ही सासरा-सून समोरासमोर खुर्च्यांवर बसायचो. आधी ते, मग मी. मी घाई केली की ते बोट वर करायचे. त्यांनी खांदे पाडले की मी ‘ताठ’ म्हणायची. रविवारी दोन्ही नळकांडी मी साबणाच्या पाण्यातून काढून, न पुसता, ओट्यावर निथळत ठेवायची. महिन्याभरात माझी पहाटेची धाप गेली. हातांची थरथर तर त्याआधीच थांबली. निळा पंप दोन-दोन आठवडे पर्समध्ये नुसता पडून राहायला लागला.

त्यांचा आजार पूर्ण बरा होणारा नव्हता, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पुढच्या थंडीत, एका शनिवारी सकाळी, त्यांना सर्दीवरून जोराची धाप लागली. घरात मी आणि सासूबाईच होतो. पूर्वी अशा वेळी ते पंप दाबतच राहायचे, छाती धडधडेपर्यंत. त्या दिवशी स्पेसर लावून डॉक्टरांनी त्यांच्यासाठी लिहून दिले होते तेवढेच फवारे घेतले. मी समोर बसून घड्याळ बघत होते. उतार पडेना. मी विचारलं, "बाबा, कसं वाटतंय?" ते "जरा" म्हणाले आणि थांबले. पुढचा शब्द येईना. नखं निळसर दिसायला लागली.

डॉक्टरांनी दिलेल्या, फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं: पंपाने उतार नाही, वाक्य पुरं होत नाही, ओठ-नखं निळी, तर थांबायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, "जरा वाट बघूया का? वाफ देऊया." मी म्हटलं, "नाही आई, आत्ताच निघायचं." शेजारच्या दोघांनी त्यांना खुर्चीवर बसवून तीन मजले उतरवलं. रिक्षात मी त्यांना पुढे झुकवून बसवलं आणि कागदावरच्याप्रमाणे स्पेसर लावत राहिले. हॉस्पिटलात लगेच ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाल्या, तासभर उशीर केला असता तर अवघड होतं.

सहा दिवसांनी ते घरी आले. सासूबाईंनी दारात त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि मग माझ्यावरूनही ओवाळला.

उन्हाळ्यात त्यांना समुद्र बघायचा होता. आम्ही सगळे मार्व्याहून होडीने मनोरीला गेलो. उतरल्यावर ते आणि मी सगळ्यांच्या मागे, आमच्या वेगाने चाललो. थांबत, ओठ आवळून हळू श्वास सोडत, पुन्हा चालत. वाळूत सुकत घातलेल्या बोंबलांपाशी उभं राहून त्यांनी एका कोळणीशी भावावरून पाच मिनिटं हुज्जत घातली. सलग पाच मिनिटं, वाक्यं न तुटता. ती कोळीणही त्यांना सोडत नव्हती. मी बाजूला उभी राहून ऐकत होते.

त्या माणसाला माझी चोरी पहिल्या आठवड्यातच कळली होती. त्याने मला कुणासमोर उघडं पाडलं नाही, स्वतःचा पंप लपवून ठेवला नाही, आणि शेवटी खांद्याला धरून योग्य खुर्चीवर नेऊन बसवलं. आज मी पाच तास फळ्यापुढे उभी राहून शिकवते. त्यांना मी कधी ‘थँक्यू’ म्हटलं नाही, आमच्याकडे घरात तसं म्हणत नाहीत. सकाळी त्यांची खुर्ची मी खिडकीपाशी ओढून ठेवते, ते येतात, बसतात आणि म्हणतात, "हां, आधी तू घे आज."