अंथुर्ण्याहून पोत्यात आणलेली मांजरी

आमची मांजरी दिवाळीनंतर गेली ती गेलीच. माळेगावातलं एक घर मी विचारायचं ठेवलं नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, म्हणजे आमचे दाजी, कारखान्यात ऊस खाली केला की आमच्याकडं चहाला थांबतात. त्यांच्याच रिकाम्या ट्रॉलीत ती झोपली असणार, हे आम्हाला कळलं तीन महिन्यांनी. अक्काचा अंथुर्ण्याहून फोन आला, "अगं, शेपटीचं टोक मोडलेलं मांजर आमच्या वस्तीवर फिरतंय. तुझंच हाय का बघ."

माझंच होतं! मी आणि आमचे हे मोटरसायकलवर गेलो आणि गोठ्यापाशी दिसल्या दिसल्या तिला पोत्यात घातलं. आमच्याकडं मांजर न्यायचं तर पोत्याचं तोंड बांधून न्यायचं, म्हणजे त्याला वाट दिसत नाही आणि ते परत पळत नाही. अक्का म्हणाली, "घटकाभर बस की, च्या तरी घे." मी कसली बसते! पुन्हा हातची गेली तर काय करू, ही एकच धास्ती.

गुरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आठ-दहा दिवस खोलीतच ठेवा, घराचा वास ओळखीचा होऊ द्या, मग दार उघडा. मग काय, मागच्या खोलीत माझी जुनी साडी अंथरली, पाटीत माती ठेवली, दूध-भाकरी कुस्करली. सगळी सरबराई केली आणि बाईसाहेब दाराला नाक लावून ओरडतायत. घसा बसला तरी ओरडतेय. दाराचा रंग नखांनी ओरबाडून काढला. दुधाला तोंड लावेना.

"असली कसली गं तू बेइमान!" मी तिला म्हणाले. "तीन महिन्यांत अक्काचं घर गोड लागलं व्हय?"

सासूबाई म्हणाल्या, "जीव लागंना तिचा. काय झालंय बघ तरी."

मी त्यांच्यावरच उखडले. "आत्या, दार उघडायचं न्हाय. कुणीबी न्हाय!"

तिसऱ्या दिवशी सकाळी ती दमून आडवी पडली होती. मी पोटावरून हात फिरवला तर हात ओला झाला. बघते तर दूध. अगं आई गं, मी हे काय करून बसले होते! तीन दिवस ती बिचारी मला सांगत होती, आणि मी तिला बेइमान म्हणत होते.

तशीच उठून अक्काला फोन लावला.

"अक्का, हिची पिल्लं हायेत तिकडं. कुठं हायेत?"

"पिल्लं? मला तर कधी न्हाय दिसली. तुटलेल्या उसाच्या रानात जायची सारखी. पाचटात. अगं... पाचट तर काल पेटवलं."

ऊस तुटला की मागं राहिलेला पाला, म्हणजे पाचट, पेटवतात आणि मग खोडव्याला, म्हणजे त्याच बुडख्यांतून परत फुटणाऱ्या उसाला, पाणी सोडतात. माहेरी मीही पेटवलंय, काडी लावून मागं वळूनसुद्धा न बघता. फोन तसाच टाकून मी यांना हाक मारली.

यांनी कुठून तरी चारचाकी मागून आणली. या वेळी पोतं घेतलं नाही, तिला पदरात धरलं. रान सगळं काळं पडलं होतं, अजून मधूनमधून धूर निघत होता. तिनं उडी मारली ती थेट राखेत. मधोमध थांबली, वास घेतला आणि असा आवाज काढला की मी कान झाकून घेतले. मग ती बांधाकडं पळाली. तिथं ठिबकच्या नळ्यांची वेटोळी पडली होती, आग तिथवर पोचली नव्हती. खालून तिनं मानेला धरून एक पिल्लू ओढून काढलं. नुसती हाडं, डोळे चिकटलेले, पण श्वास चालू होता.

"अजून असतील," मी म्हणाले.

दाजी काठी घेऊन राखेत बराच वेळ फिरले. परत आले, "एवढंच हाय" म्हणाले आणि माझ्याकडं न बघता हात धुवायला गेले.

दोघांना घरी आणलं. आता ती ओरडली नाही. वाटी चाटूनपुसून साफ करायची. घरातले सगळे म्हणायला लागले, बसली बाई घराला. मी खोलीत गेले की मात्र ती पिल्लावर अंग टाकून मला बघत राहायची. मला ते दिसत होतं, पण मी दुर्लक्ष केलं.

पिल्लू घरभर धडपडायला लागलं. दहा दिवस झाले तसं मी माझ्या हातानं दार उघडलं. वाटलं, अंगणात एक चक्कर मारेल आणि येईल. तिनं उंबरा हुंगला, मागं फिरली, पिल्लू तोंडात धरलं आणि माझ्या पायाजवळून, वरसुद्धा न बघता, अंगण ओलांडून शेजाऱ्यांच्या गोठ्यात गेली. मी दाराची कडी धरून बघत राहिले.

"मांजर पिल्लं हलवतंच गं, मनाला लावून घेऊ नगं," सासूबाई म्हणाल्या.

ते काही खरं नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी रोज दुधाची वाटी घेऊन त्या गोठ्यात जाते. ती उपाशी असते, वाटीकडं बघते, पण मी दिसेनाशी झाल्याशिवाय पुढं येत नाही.